ट्रान्समीटर बंद केल्यावर

माझा भाचा अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आणि त्याच्या मित्रानं मिळून रिमोटवर उडणारं फोमशीटचं विमान बांधलं आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रिक्षात तिरकं धरून ते पार्ल्याला माझ्याकडे घेऊन आला. "मावशी, सगळं सेट झालंय. रविवारी उडवायचं. तू फक्त एकदा नजर टाक."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रिमोटची, स्टिक हलवली की एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) हलत होते, एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) वर-खाली होत होता, मोटर हळूहळू वेग घेत होती. पण मी तीस वर्षं एका कारखान्याच्या उपकरण विभागात काढली आहेत. आमच्याकडे नवा कंट्रोल व्हॉल्व्ह आला की पहिला प्रश्न तो चालतो का, हा नसायचा. हवेचा दाब गेला तर तो उघडा राहणार की बंद होणार, हे आधी विचारलं जायचं. भट्टीच्या तेलाचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर बंदच व्हायला हवा आणि थंड पाण्याचा उघडाच राहायला हवा. ती सवय अंगात मुरलेली. म्हणून मी विचारलं, "आणि रेडिओ गेला तर?"

"जाणार कसा? एक किलोमीटर रेंज आहे त्याची."

त्या संध्याकाळपासून रविवारचं उड्डाण तीन रविवार पुढे गेलं. त्या तीन आठवड्यांत काय काय सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण त्यातला मुख्य दोष नियम नीट पाळणाऱ्या माणसालाच दिसत नाही.

हातात काय होतं

विमान शिकाऊंसाठी करतात तसं, पंख वरच्या बाजूला असलेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.२ मीटर. बॅटरीसकट वजन ९४० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलेलं. पुढे १००० केव्हीची (एका व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस मोटर, तिला १० इंची प्रॉपेलर, मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-अवरची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि झडपा हलवणारे नऊ ग्रॅमवाले चार सर्व्हो: दोन एलेरॉनला, एक एलिव्हेटरला, एक रडरला (शेपटीच्या उभ्या झडपेला). मोटर, ईएससी, सर्व्हो लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. रेडिओ मात्र जुना, सहा चॅनेलचा (सहा वेगळे हुकूम पाठवणारा), २.४ गिगाहर्ट्झचा. तो मित्राच्या दादाकडून मिळाला होता आणि त्याचं माहितीपुस्तक हरवलेलं होतं. वापरलेला रेडिओ घ्यायला माझी हरकत नाही. पण सिग्नल तुटल्यावर त्याचा रिसीव्हर, म्हणजे विमानातला सिग्नल झेलणारा भाग, काय करतो, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसेल तर ते आपणच शोधून काढायचं असतं.

उडवायचं कुठे, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी निकालात काढला. पार्ल्यात तर नाहीच. आमच्या गच्चीवरून विमानांची चाकं मोजता येतात. मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: मधोमध सांताक्रूझचा विमानतळ, शेजारी जुहूची धावपट्टी, खाली कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, पलीकडे ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र. शिवाय ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवर चालणारी छोटी विमानं यांच्यावर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात. ऑगस्ट २०२१मध्ये ड्रोन नियम आले. त्यानुसार आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे भाग पाडलेले आहेत आणि त्यांचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. २५० ग्रॅमच्या वरचं आणि २ किलोपर्यंतचं यंत्र मायक्रो वर्गात येतं. आमचं त्यातच. हौसेखातर उडवायचं असेल तर या वर्गाला वैमानिक परवाना लागत नाही, पण लाल भाग तो लालच. भावजींच्या चुलतभावाचं शेत कर्जतच्या बाजूला आहे. तिथला नकाशा पाहिला, गावात विचारलं आणि ठरवलं: घरी जुळवाजुळव आणि तपासणी, उड्डाण भात कापून खाचरं मोकळी झाल्यावर तिकडे.

पहिली संध्याकाळ

दारातच मी त्याला प्रॉपेलर काढायला लावला. भाच्याला ते जरा लागलं. "मावशी, मी काळजी घेतो." घेतोस, पण मोटर घेत नाही. १० इंची प्रॉपचा घेर साधारण ८० सेंटिमीटर. मिनिटाला साडेसात हजार फेरे धरले तर त्याची टोकं सेकंदाला १०० मीटरच्या आसपास फिरतात, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. हे गणित मी त्याच्याकडूनच वहीत करवून घेतलं. उत्तर आल्यावर त्यानं पाना मागितला.

मग दिशा तपासल्या. विमानाच्या मागे उभं राहून बघायचं. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे म्हणजे त्याची मागची कड उजवीकडे. एलेरॉनची गल्लत सगळ्यात जास्त होते, कारण टेबलावर दोन्ही एलेरॉन हलताना दिसतात आणि मन म्हणतं, चाललंय. त्यावर एक सोपी खूण आहे. अंगठा सरळ वर करून मूठ स्टिकच्या जागी धरायची आणि स्टिकसारखी उजवीकडे कलवायची. अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा एलेरॉन वर उठलेला असायला हवा. भाच्याचं सगळं बरोबर निघालं.

आता खरी परीक्षा. विमानाचं धड दोन उशांमध्ये बसवून पट्ट्यानं टेबलाला बांधलं. ट्रान्समीटर चालू, मग बॅटरी जोडली. ईएससीनं तीन सूर काढले आणि एक लांब बीप दिला. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी स्टिक, तळाला; मोटर शांत.

"आता ट्रान्समीटर बंद कर."

"बॅटरी काढायच्या आधी?" त्यानं संशयानं पाहिलं. शिकलेला नियम उलटा होता.

"आधी."

त्यानं बटण दाबलं. एक सेकंद काहीच झालं नाही. मग मोटर किंचाळली. पूर्ण वेगानं. प्रॉप नसल्यामुळे तिला भार नव्हता, त्यामुळे आवाज अगदी टिपेला गेला, टेबलावरचा पाना थरथरत सरकायला लागला आणि विमान पट्ट्यात धडपडू लागलं. भाच्याचा उजवा हात आपसूक बॅटरीकडे गेला. बॅटरीचं झाकण नाकाजवळ होतं. त्याचं मनगट मोटरच्या दांड्याच्या चार बोटं पुढून, जिथे प्रॉप फिरला असता नेमकं तिथून गेलं.

"हात मागे! रेडिओ चालू कर!"

चालू केला. दोन-तीन सेकंदांनी लिंक जुळली आणि मोटर थांबली. खोलीत कोणी बोललं नाही. त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग टेबलावर वेगळ्या ठेवलेल्या प्रॉपकडे. मला पाणी प्यावंसं वाटलं.

मोटर का धावली

अशा वेळी माझा भरवसा जुन्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर. रिसीव्हर प्रत्येक चॅनेलच्या तारेवर सेकंदाला ५० वेळा एक छोटी स्पंदलहर सोडतो. त्या लहरीची रुंदी म्हणजे हुकूम. साधारण १ मिलिसेकंद म्हणजे एक टोक, २ मिलिसेकंद म्हणजे दुसरं टोक, दीड म्हणजे मध्य. ईएससी रुंदी वाचून मोटर फिरवतो आणि सर्व्हो रुंदी वाचून आपला हात वळवतो. मोटरच्या तीन तारा सुट्या केल्या, स्कोपचा प्रोब थ्रॉटलच्या तारेला लावला आणि तेच पुन्हा केलं. ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल तळाला: पडद्यावर १.१ मिलिसेकंद. ट्रान्समीटर बंद: लहर एका सेकंदापुरती तशीच राहिली आणि मग आमच्या डोळ्यांसमोर पसरून १.९ झाली. रिसीव्हर स्वतःच पूर्ण थ्रॉटल मागत होता.

मग भाच्याला एकेक दिवस आठवायला सांगितला, आणि सगळा उलगडा त्यातून झाला.

पहिल्या दिवशी त्यानं रेडिओ बाइंड केला, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकमेकांशी ओळख करून दिली. तेव्हा थ्रॉटल तळाला होता. या जातीचा रिसीव्हर बाइंड होताना सगळ्या स्टिकच्या जागा लक्षात ठेवतो आणि सिग्नल तुटला की त्या जागांवर जातो. यालाच फेलसेफ म्हणतात. इथपर्यंत सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी ईएससी डकवला, तर तो नुसता बीप-बीप करत बसला. मोटर चालू होईना. मित्र म्हणाला, थ्रॉटलचा चॅनेल उलटा असेल, मेनूत जाऊन रिव्हर्स कर. सल्ला अगदी योग्य होता. काही कंपन्यांच्या रेडिओत थ्रॉटलची दिशा ईएससीला हवी त्याच्या उलट असते, आणि थ्रॉटल तळाला असल्याची खात्री पटल्याशिवाय ईएससी मोटर सोडत नाही. त्यानं चॅनेल उलटा केला, ईएससीनं लांब बीप दिला, मोटर फिरली. दोघांनी आनंदानं उड्या मारल्या.

पण उलटा झाला तो ट्रान्समीटरमधला चॅनेल. रिसीव्हरच्या आठवणीतला आकडा आदल्या दिवशीचाच राहिला. आदल्या दिवशी 'तळ' म्हणजे १.९ होतं. आता 'तळ' म्हणजे १.१, आणि १.९ म्हणजे पूर्ण जोर. रिसीव्हरला यातलं काहीच कळलेलं नाही. तो इमानानं जुनं 'तळ' पाळतो आहे.

आता हे पाहा. सुरक्षिततेचा पहिला नियम प्रत्येकाला शिकवतात: ट्रान्समीटर आधी चालू, शेवटी बंद. बॅटरी नंतर जोडायची, आधी काढायची. भाचा तो नियम एकदाही चुकला नव्हता. आणि नेमक्या त्याच शिस्तीमुळे विमानाला बॅटरी आहे पण ट्रान्समीटर नाही, अशी वेळ त्या टेबलावर एकदाही आली नाही. एखादा निष्काळजी मुलगा चुकून ट्रान्समीटर आधी बंद करून पहिल्याच दिवशी दचकला असता. शिस्तीच्या मुलाला हे पहिल्यांदा कळलं असतं ते आकाशात, सिग्नल खरोखर तुटल्यावर. तिथे पूर्ण थ्रॉटल म्हणजे जवळपास एक किलोचं विमान कोणाच्या ताब्यात नाही, मोटर पूर्ण जोरात, आणि ते कुठे जाऊन पडणार ते नशिबावर. म्हणून नियम सोडायचा नाही, पण महिन्यातून एकदा, प्रॉप काढून, विमान बांधून, मुद्दाम मोडून पाहायचा.

सगळे रिसीव्हर एकसारखे वागत नाहीत, आणि घोळ तिथेच आहे. काही सिग्नल तुटल्यावर शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवतात. अर्ध्या थ्रॉटलवर गेला तर अर्ध्यावरच राहतो, आणि थ्रॉटल तळाला ठेवून तपासणी केली तर हा दोष दिसतच नाही. म्हणून तपासणी एकदा थ्रॉटल तळाला ठेवून आणि एकदा पाव थ्रॉटलवर, दोन्ही करायच्या. काही रिसीव्हर स्पंदलहर सोडणंच थांबवतात आणि मग बहुतेक ईएससी मोटर बंद करतात. काहींत फेलसेफ ट्रान्समीटरच्या मेनूतून भरायचा असतो आणि भरला नाही तर तो रिकामाच असतो. खोक्यावर 'फेलसेफ आहे' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ जागा आहे एवढाच.

आम्ही थ्रॉटल तळाला आणि बाकी स्टिक मध्यावर ठेवून पुन्हा बाइंड केलं. रडर मात्र किंचित डावीकडे धरला, म्हणजे सिग्नल तुटलाच तर विमान मोटरविना, हलकं वळत, जवळपास उतरेल आणि सरळ दूर निघून जाणार नाही. यावर शौकिनांत दोन मतं आहेत. काहीजण सगळं मध्यावर ठेवतात. थ्रॉटल बंद याबद्दल मात्र दोन मतं नसावीत. मग एका स्विचवर थ्रॉटल कट बसवला: स्विच खाली असेल तर स्टिक कितीही हलली तरी मोटर मुकी. आणि वहीच्या पहिल्या पानावर भाच्याच्या अक्षरात लिहिलं गेलं: बाइंड, रिव्हर्स, ट्रिम (मध्याची बारीक जुळणी), एंडपॉइंट (सर्व्होच्या हालचालीची टोकं), मॉडेल मेमरी (रेडिओत साठवलेली विमानाची जुळणी), यातलं काहीही बदललं की ट्रान्समीटर बंद करून पाहणे.

सर्व्होची घूं

दुसऱ्या आठवड्यातला दोष आवाजावरून सापडला. उजवा एलेरॉन टोकाला नेला की त्याचा सर्व्हो घूं घूं करत राहायचा. भाच्याला वाटायचं, सर्व्होचा आवाजच तसा. पोहोचलेला सर्व्हो गप्प बसतो. घूं करतो तो पोहोचलेला नसतो, कुठेतरी अडलेला असतो आणि अडल्या जागी पूर्ण ताकदीनं ढकलत करंट खात असतो. पंखाखालून पाहिलं तर तारेची काडी फोमच्या खाचेला घासत होती.

चारही सर्व्होंना आणि रिसीव्हरला वीज ईएससीतल्या बीईसीमधून येत होती. तो बॅटरीचं व्होल्टेज ५ व्होल्टवर आणतो आणि स्वस्त ईएससीत उरलेलं व्होल्टेज उष्णता करून टाकून देतो. तीन सेलची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट. म्हणजे ७.६ व्होल्ट जाळायचे. सर्व्होंनी मिळून १ अँपिअर घेतला तर साडेसात वॉट त्या नखाएवढ्या चिपवर. मी ईएससीला बोट लावलं आणि लगेच काढलं.

स्कोप या वेळी रिसीव्हरच्या विजेच्या तारांवर लावला. भाच्यानं दोन्ही स्टिक ताक घुसळावं तशा गोल फिरवल्या. ५ व्होल्टची सरळ रेघ थरथरली, दरीसारखी ४च्या जवळ गेली आणि रिसीव्हरचा दिवा एकदा मिचकला. त्या मिचकण्याचा अर्थ असा की रिसीव्हर पुन्हा सुरू झाला. तो एक छोटा संगणकच आहे. वीज एका मर्यादेखाली गेली की तो बंद पडतो आणि परत उठून लिंक जोडायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. सेकंदाला १२ मीटर वेगाचं विमान तेवढ्यात २४ ते ३६ मीटर पुढे जातं. आणि असं व्हायची वेळही वाईट: वारा सुटलेला, उतरताना सगळ्या स्टिक जोरात हलतायत, तेव्हाच सर्व्हो सगळ्यात जास्त करंट ओढतात. माझा असा समज झाला आहे की 'रेडिओ जॅम झाला' म्हणून पडलेल्या विमानांपैकी पुष्कळशी खरं तर अशी उपाशी पडलेली असतात.

उपाय साधे निघाले. खाच मोठी केली, काडी सर्व्होच्या हाताच्या आतल्या भोकात घातली, मेनूत दोन्हीकडचे एंडपॉइंट ८० टक्क्यांवर आणले. घूं गेली. शिवाय ३ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बीईसी बसवला. तो उष्णता कमी करतो. त्यासाठी ईएससीच्या तीनतारी वायरमधली लाल तार प्लगमधून ओढून टेप लावून बंद केली, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. परत ताक घुसळलं. रेघ ४.९च्या खाली उतरली नाही.

प्लग काढले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. रिसीव्हरच्या दोन पिना हिरवट काळ्या झाल्या होत्या. रेडिओ देणाऱ्या दादाचं घर वर्सोव्याला समुद्रासमोर. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, तांब्या-पितळेचं काय होणार? आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन सगळ्या पिना साफ केल्या. मुंबईत हे दर पावसाळ्यानंतर करावंच.

तीस पावलं

आमच्या वेळी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडे क्रिस्टलवाला रेडिओ होता, म्हणजे वारंवारता आतल्या स्फटिकानं पक्की ठरलेली. मैदानात दोघांच्या क्रिस्टलचा नंबर एकच निघाला आणि दुसऱ्यानं नुसता ट्रान्समीटर चालू केला तरी पहिल्याचं विमान खाली यायचं. म्हणून फळीवर नंबरांचे चिमटे असत. चिमटा हातात असेल त्यानंच रेडिओ चालू करायचा. २.४ गिगाहर्ट्झवाले बहुतेक रेडिओ सतत वारंवारता बदलत राहतात, त्यामुळे ते भांडण संपलं. पण त्याच पट्ट्यात घराघरातलं वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह ओव्हन आहे. आणि या लहरी लांबीला फक्त साडेबारा सेंटिमीटर असतात. बॅटरी, मोटर, कार्बनचा दांडा, माणसाचं अंग, ओलं गवत, सगळं त्यांना अडवतं.

रेंज चेकसाठी, म्हणजे सिग्नल कुठवर पोहोचतो ते पाहायला, ट्रान्समीटरमध्ये कमी शक्तीचा मोड असतो. त्यात ३० पावलांवर सगळं नीट चाललं तर पूर्ण शक्तीत नजर पोहोचेल तिथपर्यंत चालतं, असा बऱ्याच रेडिओंचा हिशेब. आमच्या सोसायटीच्या मागची गल्ली साधारण ४० पावलं भरते. सकाळी साडेसहाला, दूधवाला येऊन गेल्यावर, भाचा विमान छातीएवढं उचलून उभा राहिला, प्रॉप काढलेला, आणि मी स्टिक हलवत मागे चालत गेले. विमान आडवं असताना ३० पावलं गेले तरी सर्व्हो सुरळीत. मग त्याला नाक माझ्याकडे करायला सांगितलं. बाविसाव्या पावलाला एलेरॉन अडखळले. झटका, थांबा, झटका. परत आडवं केलं, सुरळीत.

दिशेवर अवलंबून असलेला दोष म्हणजे बहुतेक वेळा अँटेना. विमान उघडलं. रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना एकमेकींना समांतर, बॅटरीच्या मागे, ईएससीच्या तारांवरच टेपनं चिकटवलेल्या. नाक माझ्याकडे असताना मधे मोटर आणि बॅटरी भिंतीसारखी उभी. अँटेनाच्या टोकाचा शेवटचा ३१ मिलिमीटरचा उघडा भाग तेवढाच ऐकतो, आणि तो कशालाही न टेकता मोकळा हवा. एक अँटेना धडाच्या बाजूनं उभी, दुसरी तिला काटकोनात आडवी, दोन्ही बॅटरीपासून दूर, पातळ प्लास्टिकच्या नळीत घातल्या. कारण एकीचं टोक ट्रान्समीटरकडे रोखलेलं असताना तिला कमी ऐकू येतं, तेव्हा दुसरीनं ऐकायचं. ट्रान्समीटरचंही तेच. नवखा माणूस बंदूक रोखावी तसं अँटेनाचं टोक विमानाकडे धरतो. टोकातून सगळ्यात कमी लहरी निघतात. अँटेना आडवी वळवून धरायची.

दुसऱ्या दिवशी गल्ली संपली, भिंत आली, तरी कोणत्याही दिशेनं अडखळणं नाही. मोटर चालू ठेवून तीच तपासणी करायची राहिली होती. ती गल्लीत नाही, लोक येतात-जातात.

खाचरात

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे निघालो. लिपो मातीच्या कुंडीत, वर वाळूची पिशवी. भात कापून झालेलं, खुंट उभे, वारा नव्हता. प्रॉप तिथे पोहोचल्यावरच चढवला.

भावजी गुडघ्यांवर बसले आणि पंखाच्या मागून धड दोन्ही हातांनी धरलं. प्रॉपच्या पुढे कोणी नाही, त्याच्या फिरण्याच्या रेषेत दोन्ही बाजूंना कोणी नाही. प्रॉपचा तुकडा उडतो तो त्या रेषेत उडतो. भाचा कमी शक्तीत ३० पावलं मागे गेला. मोटर बंद, सुरळीत. मोटर पाव थ्रॉटलवर, सुरळीत. अर्ध्यावर, तरी सुरळीत. मोटर चालू असताना कंप असतो आणि तारांत गोंगाट असतो, त्यामुळे घरी पास झालेला रेडिओ इथे नापास होऊ शकतो.

मग तो जवळ आला, मोटर पुन्हा पाव थ्रॉटलवर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं ट्रान्समीटर बंद केला. भावजींनी डोळे मिटले होते. एक सेकंद प्रॉप फिरत राहिला, मग पाती वेगळी दिसू लागली आणि थांबली. रडर किंचित डावीकडे वळला. त्यानं तीनदा केलं. तीनदा थांबली. वहीत तीन खुणा.

विमान सहा मिनिटं उडलं. टायमर लावलेला होता, वाजल्यावर उतरवलं. भाच्यानं ते खुंटांवर जरा आदळतच टेकवलं, पण एकही तुकडा सुटला नाही. बॅटरीचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर होता. आधी बॅटरी काढली, मग ट्रान्समीटर बंद केला. मी काही बोलले नव्हते.

एलिव्हेटरचा सर्व्हो मधे परत येताना कधी थोडा वर, कधी थोडा खाली थांबतो. उडताना भाच्याला सारखं ट्रिम बदलावं लागत होतं ते त्यामुळेच. आतला दात झिजला असावा. नवा सर्व्हो आणला आहे, शनिवारी लावणार. प्रॉप काढून माझ्याच कपाटात ठेवला आहे. सर्व्हो बसला की टेबल, पट्टा, दोन उशा, आणि ट्रान्समीटर बंद.